सीएसआरचा पैसा, गावची कामं आणि बंद पडलेली मशीनं : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

कंपनी सेक्रेटरीचं काम करते म्हटल्यावर लोक सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजाच्या कामांवर करायच्या खर्चाबद्दल, विचारणारच, त्याचं काही नाही. पण हल्ली पेडण्यापासून काणकोणपर्यंत तेच ते प्रश्न येतात आणि त्यातले अर्धे तर कुणीतरी कुठंतरी सांगितलेल्या गोष्टींवर असतात, म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देते. नावं काढून टाकलीत. आणि आधीच सांगून ठेवते, तुमचे कागद मी बघितलेले नाहीत, त्यामुळे इथलं वाचून कुठं सही करू नका, आधी तुमच्या सीएला नाहीतर सीएसला (कंपनी सेक्रेटरीला) दाखवा.

प्रश्न : आमच्या गावाला लागूनच इंडस्ट्रियल इस्टेट आहे. फॅक्टरीच्या नफ्यातले २ टक्के आमच्या पंचायतीला मिळायचा हक्क आहे असं ऐकलंय. मागणी कशी करायची? (वेर्णा भागातले एक पंचसदस्य)

हक्क नाही. हे कोण सांगतं तुम्हाला देव जाणे, पण ग्रामसभेत हे वाक्य एकदा तरी येतंच.

कायदा काय आहे ते बघा. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, लागू झालं १ एप्रिल २०१४ पासून. ज्या कंपनीची आदल्या आर्थिक वर्षात नेटवर्थ ५०० कोटी किंवा जास्त, नाहीतर टर्नओव्हर १००० कोटी किंवा जास्त, नाहीतर निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त, म्हणजे तिन्हीतलं एक जरी असलं तरी तिला हे कलम लागतं. मग तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम शेड्यूल ७ मधल्या (कायद्यातल्या मान्य कामांच्या यादीतल्या) कामांवर खर्च करायची. कशावर करायची, कुठे करायची हे कंपनीचं बोर्ड ठरवतं. सरपंच नाही, आमदार नाही, मंत्रीपण नाही. आमदाराचं पत्र जोडलं की काम होतं असं समजून लोक पत्रासाठी महिनाभर थांबतात, त्या वेळात दोन पानांचं नीट प्रपोजल लिहून झालं असतं.

आता कायद्यात 'लोकल एरियाला प्राधान्य' असं लिहिलंय हे खरं, पण ते मार्गदर्शक आहे, सक्ती नाही, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ च्या खुलाशात हे स्पष्ट सांगितलंय. शिवाय तुमच्याकडची फॅक्टरी ही मोठ्या कंपनीचं एक युनिट असू शकते, बोर्ड बसतं मुंबईला नाहीतर हैदराबादला, त्यांच्या 'लोकल'मध्ये दहा गावं येतात. त्यामुळे आधी कंपनीच्या वेबसाइटवर सीएसआर पॉलिसी आणि मंजूर प्रोजेक्टची यादी बघा, ती टाकणं त्यांना बंधनकारक आहे. केंद्राच्या नॅशनल सीएसआर पोर्टलवर कुठल्या कंपनीने कशावर किती खर्च केला तेपण दिसतं. कंपनीची पॉलिसी आरोग्यावर असेल आणि तुम्ही फुटबॉल मैदानाला कुंपण मागाल तर उत्तरसुद्धा येणार नाही.

आणि चेक पंचायतीच्या नावाने मिळेल ही आशा सोडा. अंमलबजावणी कंपनी स्वतः करते किंवा रजिस्टर्ड संस्थेकडून करून घेते. काम झाल्यावर तयार झालेली मालमत्ता पंचायतीच्या नावावर होऊ शकते, पण ते कसं लिहून घ्यायचं हे कंपनीच्या सीएसबरोबर बसून ठरवा.

प्रश्न : शिगम्याच्या रोमटामेळाला आणि जत्रेतल्या नाटकाला कंपनीने दिलेली देणगी सीएसआरमध्ये दाखवता येते का?

नाही. एकदाच होणारे कार्यक्रम आणि बॅनर लावून केलेली स्पॉन्सरशिप सीएसआर नव्हे. खुशाल द्या, जाहिरात खर्चात दाखवा.

प्रश्न : आमच्या हॉटेलच्या स्टाफने बीच साफ केला, त्यांच्या पगाराचे तास सीएसआरमध्ये धरायचे का? आणि जुने कॉम्प्युटर शाळेला दिले त्याची किंमत?

दोन्ही नाही. वेळेची आणि वस्तूची किंमत लावून चालत नाही, कंपनीने खर्च करायचा असतो.

प्रश्न : आमची महिलांची संस्था मागच्या वर्षी रजिस्टर झाली. एक जण म्हणतो सीएसआर मिळवून देतो, मिळालेल्या रकमेतले १० टक्के द्यायचे आणि थोडे आधी. तो म्हणतो तीन वर्षं जुनी संस्थाही मिळवून देईल. विश्वास ठेवावा का? (डिचोली)

नको. अजिबात नको, आणि पैसे दिले असतील तर पावती आहे का बघा, नसणारच.

बाहेरच्या संस्थेला कंपनीकडून सीएसआरचं काम मिळायचं तर काय लागतं ते ऐका. संस्था म्हणजे कलम ८ ची (ना-नफा) कंपनी, रजिस्टर्ड पब्लिक ट्रस्ट नाहीतर रजिस्टर्ड सोसायटी. तिच्याकडे आयकर खात्याचं १२ए आणि ८०जी, म्हणजे संस्थेच्या आणि देणगीदाराच्या करसवलतीची नोंदणी, पाहिजे (नव्या आयकर कायद्यात कलमांचे नंबर बदललेत, लोक अजून हेच म्हणतात, रिन्यूअलच्या तारखा मात्र सीएकडून तपासून घ्या). कंपनीने किंवा सरकारने स्वतः काढलेली संस्था नसेल तर तशाच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव पाहिजे. आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला रजिस्ट्रेशन नंबर पाहिजे. हा फॉर्म सीए, सीएस किंवा कॉस्ट अकाउंटंटने तपासून सही करायचा असतो. तो नंबर मिळाला म्हणजे सरकारने तुमची निवड केली असं काही नाही, नुसती नोंद आहे ती, पण एजंट तोच कागद फ्रेम करून दाखवतात.

'जुनी संस्था मिळवून देतो' म्हणजे काय, तर वर्षानुवर्षं झोपलेली एखादी सोसायटी शोधायची, कमिटी बदलायची आणि तिचं वय वापरायचं. कायदा वय मागत नाही हो, कामाचा अनुभव मागतो. कंपनीचा ऑडिटर मागच्या तीन वर्षांचे हिशेब मागणार, त्यात बँकेत पडलेले चार हजार आणि व्याज एवढंच निघालं की फाइल बंद. आणि त्या सोसायटीच्या पोटात जुनं देणं, थकलेली रिटर्न्स काय काय असेल ते तुमच्या गळ्यात. मग सह्या करणाऱ्या बायका धावाधाव करतात, एजंटचा फोन तोवर बंद.

त्याहून वाईट म्हणजे पैसा संस्थेत टाकायचा आणि काही भाग रोख परत फिरवायचा अशी ऑफर. तसं कुणी बोललं तर चहा संपवून उठा. ही फौजदारी भानगड आहे.

अजून एक, इंटरनेटवर ट्रस्टबद्दल वाचता ते बहुतेक महाराष्ट्राचं असतं. आपल्याकडे तिथल्यासारखा धर्मादाय आयुक्त नाही, त्यामुळे ते फॉर्म, त्या परवानग्या इथे शोधत बसू नका. गोव्यात ट्रस्ट कसा रजिस्टर होतो आणि सीएसआरला तो कसा चालतो हे इथल्याच वकिलाला विचारा.

तुम्ही आत्ता काय करायचं? बचत गट म्हणून, नाहीतर एखाद्या जुन्या चांगल्या संस्थेच्या प्रोजेक्टमध्ये काम करा, हिशेब ठेवा, फोटो तारखेसकट ठेवा. तीन वर्षं जातात पटकन.

प्रश्न : मी इंजिनिअर आहे, मित्राबरोबर प्रायव्हेट लिमिटेड स्टार्टअप काढलंय. खाजन शेतीच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीच्या) मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, बसवायचा सेन्सर बनवला आहे, बांधात खारं पाणी चढायला लागलं की शेतकऱ्याला मेसेज जातो. सोशल इनोव्हेशन आहे तर सीएसआर फंडिंग मिळेल ना? (तिसवाडी)

थेट नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कितीही समाजोपयोगी काम करत असली तरी ती अंमलबजावणी संस्था होत नाही.

पण दोन वाटा आहेत. पहिली वाट इन्क्युबेटरची, म्हणजे नव्या स्टार्टअपना उभं राहायला मदत करणाऱ्या केंद्राची. शेड्यूल ७ च्या नवव्या कलमात विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग आणि मेडिसिनमधल्या इन्क्युबेटरला दिलेला पैसा सीएसआरमध्ये धरतात, अट अशी की त्या इन्क्युबेटरला केंद्र किंवा राज्य सरकारचं, सरकारी कंपनीचं वगैरे फंडिंग पाहिजे. गोव्यात साखळीच्या बाजूला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचं अटल इन्क्युबेशन सेंटर आहे, फातोर्ड्याला डॉन बॉस्को इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये फायर (FiiRE) नावाचं इन्क्युबेटर आहे. जाऊन विचारा, तुमच्यासाठी त्यांच्याकडे आत्ता काय आहे ते तेच सांगतील.

दुसरी वाट लोकांना सुचत नाही. कंपनी किंवा संस्था सीएसआर प्रोजेक्ट करते तेव्हा वस्तू विकत घेतेच ना? तशी तुमचा सेन्सर बिल करून विकत घेईल. तुम्ही तिथे व्हेंडर, तुम्हाला सीएसआर-१ लागत नाही, जीएसटीचं बिल लागतं. फक्त ती संस्था तुमच्या मामाची निघाली तर ते आधी उघड करा, मागून निघालं की नाचक्की.

आता न विचारलेलं सांगते. मानशीचा प्रश्न नुसता मेसेजचा आहे का? मानशीचा मासेमारीसाठी लिलाव होतो, लिलाव घेणाऱ्याला पाणी आत आलेलं पाहिजे कारण पाण्याबरोबर मासळी येते, आणि भात लावणाऱ्याला ते पाणी बाहेर पाहिजे. मध्यरात्री तुमच्या सेन्सरने शेतकऱ्याला उठवलं तरी दार बंद करायचा अधिकार कुणाचा? कुळांच्या असोसिएशनची बैठक, कोमुनिदाद (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था), लिलावाच्या अटी, हे सगळं तुमच्या सर्किटच्या बाहेर आहे आणि खरं काम तिथेच आहे. ते प्रपोजलमध्ये असेल तर मी ते वाचीन, नुसता डॅशबोर्ड असेल तर नाही. आधी एका मानशीवर एक पावसाळा चालवून बघा, खाऱ्या हवेत कनेक्टर किती टिकतात ते पण कळेल.

प्रश्न : आमच्या शाळेला एका कंपनीने सीएसआरमधून आरओ प्लांट आणि डिजिटल क्लासरूम दिली होती. आरओ बंद आहे, बोर्डाचा प्रोजेक्टर पहिल्या पावसातच गेला. कंपनी म्हणते आमचा प्रोजेक्ट संपला. पालक संघातर्फे दुसऱ्या कंपनीकडे नवीन मशीन मागायचं आहे, अर्ज कसा लिहू? (सत्तरी, एक शिक्षिका)

बाई, अर्ज लिहू नका. म्हणजे हा अर्ज लिहू नका.

रागावू नका, तुमची चूक नाही, पण गोव्यात जितक्या शाळा, हेल्थ सेंटर, पंचायत घरं बघते तिथे कुठे ना कुठे कोपऱ्यात एक मशीन प्लास्टिकखाली उभं असतं आणि वर पाटी, अमुक कंपनीच्या सौजन्याने. पाटी मात्र चकचकीत. इनोव्हेशन म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं हेच आहे, विकणारा व्हेंडर कंपनीला जाऊन सांगतो की आमचं मशीन घ्या, उद्घाटनाला मंत्री आणतो, फोटो छान येतात, एका दिवसात लाखोंचा खर्च दाखवून होतो. मशीनला वीज कोण देणार, फिल्टर कोण बदलणार, चावी कुणाकडे असणार हे विचारायला ना त्याला वेळ ना त्यांना.

तुमच्याच आरओचं घ्या. मी केमिस्ट नाही, पण आरओ हे मुख्यतः पाण्यातले विरघळलेले क्षार काढायला असतं. सत्तरीत जांभ्या दगडातून येणारं विहिरीचं पाणी साधारणपणे क्षारांनी हलकं असतं, तिथे आरओ लावायचं कारण काय? किनारपट्टीला, जिथे विहिरीत खारटपणा शिरलाय, तिथे समजू शकते. खाणपट्ट्याच्या बाजूला तक्रार असते ती लोहाची, भांड्याला तांबूस डाग पडतात ती, आणि लोह असलेलं पाणी तसंच आरओत सोडलं तर मेंब्रेनच खराब होतं. म्हणजे आजारी माणसाला तपासायच्या आधीच महागातलं औषध आणून ठेवलं. राष्ट्रीय हरित लवादानेसुद्धा २०१९ मध्ये म्हटलं होतं की टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणा, कारण आरओ भरपूर पाणी वाया घालवतो. तुमच्या पाण्याचा टीडीएस किती होता? कुणी मोजला? रिपोर्ट फाइलला आहे? मला खात्री आहे नाही.

म्हणून आधी पाणी सरकारी नाहीतर मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासा, पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यात एकदा, कारण विहिरीचं पाणी बदलतं. कदाचित साधा लोह काढायचा फिल्टर आणि जंतूंसाठी क्लोरीन नाहीतर यूव्ही एवढ्यावर भागेल. कदाचित नळाचं पाणी चांगलंच असेल आणि टाकी धुवायची असेल, तेवढंच. टाकी धुण्याला पाटी लावता येत नाही ही कंपनीची अडचण.

प्रोजेक्टरचं पण तसंच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंती घाम गाळतात, विजा पडतात, लाइट येते जाते, आणि बंद खोलीत झाकून ठेवलेलं मशीन चालू मशीनपेक्षा लवकर मरतं. अर्थिंग, सर्ज प्रोटेक्टर, चांगला स्टॅबिलायझर, ही यादी कोटेशनमध्ये होती का बघा. बहुतेक 'साइट प्रिपरेशन : शाळेची जबाबदारी' अशी एक ओळ बारीक अक्षरात असणार, ती कुणी वाचली नाही.

आता कायद्याचं, कारण 'आमचा प्रोजेक्ट संपला' हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. नियमात 'ऑनगोइंग प्रोजेक्ट' अशी सोय आहे, सुरू झाल्याचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं प्रोजेक्ट चालवता येतो. म्हणजे देखभालीचा करार, फिल्टर, शिक्षकांचं ट्रेनिंग, हे सगळं पहिल्या दिवशीच प्रोजेक्टच्या खर्चात घालता येतं. मग का घालत नाहीत? मागणारा मागत नाही म्हणून. आणि कंपनीवाले काय सांगतात, 'मशीन देऊ, माणसांवर खर्च करता येत नाही, ५ टक्क्यांची मर्यादा आहे.' अर्धवट ऐकलेलं. ती ५ टक्के मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण प्रशासन खर्चावर आहे. प्रोजेक्ट राबवायला लागणारा थेट खर्च, म्हणजे तो फिल्टर बदलणारा टेक्निशियन, मुलांना शिकवणारी ताई, हा प्रोजेक्टचा खर्च. हे कंपनीच्या सीएफओला (पैशांचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्याला) पटवायला तुमच्या सीएला बरोबर न्या, शिक्षिकेचं ते ऐकणार नाहीत, हे वाईट आहे पण आहे.

आणि मालकी. सीएसआरच्या पैशातून तयार झालेली मालमत्ता कंपनी स्वतःकडे ठेवू शकत नाही. ती सीएसआर नंबर असलेल्या संस्थेकडे, लाभार्थ्यांच्या गटाकडे नाहीतर सरकारी यंत्रणेकडे जाते. तुमचा आरओ आत्ता कुणाच्या नावावर आहे? हस्तांतराचा कागद शोधा. सापडला तर त्यात देखभाल कुणाची लिहिलीय ते बघा आणि वॉरंटी उरली आहे का ते. कागदच नसेल तर पहिल्या कंपनीला एक सभ्य पत्र द्या, मुख्याध्यापकांची सही, मशीनचा फोटो, पाण्याचा रिपोर्ट, आणि 'दुरुस्ती नाहीतर हलवणे' अशी मागणी. कंपन्या बोर्डापुढे असं पत्र जाऊ नये म्हणून बऱ्याचदा हलतात. ज्यांचा सीएसआर मोठा आहे, म्हणजे सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त बंधन, त्यांना १ कोटी आणि त्यावरच्या प्रोजेक्टचं इम्पॅक्ट असेसमेंट बाहेरच्या एजन्सीकडून करून घ्यावं लागतं, तिथे तुमच्या शाळेची नोंद यायला पाहिजे. लहान प्रोजेक्टना ते लागू नाही आणि नेमकी शाळांची कामं लहान असतात. मला विचाराल तर ही कायद्यातली भोक पडलेली जागा आहे.

एवढं करून मग नवीन कंपनीकडे जायचंच असेल तर मशीन मागू नका. तीन वर्षं मुलांना स्वच्छ पाणी, असं मागा, कसं देणार ते त्यांना इंजिनिअर लावून ठरवू दे आणि दर महिन्याला पाणी तपासून रिपोर्ट फळ्यावर लावायचा खर्च त्यात धरा. शिक्षण खात्याची परवानगी लागेल, ती आधी.

प्रश्न : आमच्या भागात खाणी होत्या. डीएमएफचा पैसा आणि सीएसआर एकच ना? (सांगे)

नाही. डिस्ट्रिक्ट मिनरल फाउंडेशन हे २०१५ च्या खाण कायदा दुरुस्तीतून आलेलं, लीजधारकाने रॉयल्टीच्या प्रमाणात तिथे भरायचंच असतं, लिलावाने मिळालेल्या लीजला १० टक्के आणि त्याआधीच्यांना ३० टक्के. ते खाणबाधित भागासाठी आहे आणि तिथे तुमचा दावा सीएसआरपेक्षा कितीतरी पक्का आहे, जिल्हाधिकाऱ्यांकडे मागा. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या निकालातून आलेला आयर्न ओअर पर्मनंट फंड हा तिसराच. कायद्याने जे करायलाच पाहिजे ते सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. म्हणून रस्त्यावर धूळ बसवायला टँकर फिरवला आणि 'गावासाठी सीएसआर' असा बोर्ड लावला असेल, आणि तो टँकर पर्यावरण परवान्याची अट असेल, तर बोर्डाचा फोटो काढा आणि परवान्याची प्रत घेऊन वकिलाकडे जा.

प्रश्न : देवस्थानची तळी गाळाने भरलीय आणि सभामंडपाचं पण काम आहे. सीएसआर मिळेल? (फोंडा, एक महाजन)

सभामंडप विसरा. तळीचं होऊ शकतं, जलस्रोत सगळ्या गावाच्या उपयोगाचा असेल तर पर्यावरण आणि नैसर्गिक साधनांच्या कलमात, आणि ऐतिहासिक महत्त्व असेल तर वारशाच्या कलमात. पण आपली देवस्थानं पोर्तुगीज काळातल्या महाजनी कायद्याखाली चालतात, मामलेदार प्रशासक, त्यामुळे परगावच्या कंपनीच्या वकिलाला ही संस्था नेमकी काय आहे तेच कळत नाही. दुसऱ्या पात्र संस्थेमार्फत काम, मामलेदाराची परवानगी, कमिटीचा ठराव, या क्रमाने वकिलाशी बोला. गावातल्या सगळ्यांना तळी वापरायला मोकळी आहे का, हा प्रश्न विचारला जाईल, उत्तर तयार ठेवा.

प्रश्न : कंपनीची पेरेंट कंपनी परदेशी आहे, तिच्याकडून सीएसआर घ्यायला एफसीआरए लागतं का?

एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. बहुतेक वेळा नाही, २०१६ च्या दुरुस्तीनंतर. पण 'बहुतेक'वर पैसे घेऊ नका, शेअरहोल्डिंग आणि पैसा कुठल्या खात्यातून येतो ते सीएला दाखवा, एफसीआरएमध्ये चूक माफ होत नाही.

प्रश्न : मी एका मध्यम कंपनीत अकाउंट्स बघतो. आमचे सीएसआरचे १८ लाख राहिलेत आणि मार्च संपत आलाय. एका संस्थेला ३१ तारखेच्या आत ट्रान्सफर केले की झालं ना? (म्हापसा)

मार्चमध्येच का आठवतं हो तुम्हा सगळ्यांना? एप्रिलमध्ये आकडा माहीत असतो.

ट्रान्सफर केलं म्हणजे खर्च झाला असं नाही. दिलेला पैसा ठरलेल्या कामावर वापरला गेला याची बोर्डाने खात्री करायची आणि सीएफओने तसं सर्टिफाय करायचं असतं. संस्थेच्या खात्यात पैसा नुसता पडून असेल तर सीएफओ कशावर सही करणार? राहिलेली रक्कम खऱ्याखुऱ्या ऑनगोइंग प्रोजेक्टची असेल तर वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या 'अनस्पेंट' खात्यात टाका आणि तीन आर्थिक वर्षांत संपवा. तसा प्रोजेक्ट नसेल तर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, शेड्यूल ७ मधल्या फंडात भरा. नाही भरलं तर कंपनीला त्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी यातलं जे कमी ते, आणि जबाबदार अधिकाऱ्याला दहावा हिस्सा किंवा २ लाख यातलं जे कमी ते. मागच्या तारखेचा ठराव लिहून प्रोजेक्ट 'ऑनगोइंग' करायची आयडिया डोक्यात असेल तर ती तुमच्या सीएससमोर बोलू पण नका.

तुमचं बंधन ५० लाखांच्या आत असेल तर सीएसआर कमिटी लागत नाही, बोर्डच बघतं, एवढं सगळ्यांना पाठ आहे. पण अनस्पेंट खात्यात पैसा पडला की कमिटी लागते, ही २०२२ ची दुरुस्ती कुणी वाचलेली नसते. मॅनेजमेंटला आजच सांगा, सोमवारी नाही.

प्रश्न : प्रपोजलचा तयार फॉरमॅट पाठवाल का?

नाही पाठवणार. तयार फॉरमॅटमध्ये सगळे जण गावाचं नाव बदलून तेच लिहितात आणि कंपनीवाल्यांना ते पहिल्याच पानावर कळतं. दोन पानं मराठीत नाहीतर इंग्रजीत स्वतः लिहा, अडचण काय, किती लोकांना, आजवर काय करून बघितलं, पैसा किती आणि प्रोजेक्ट संपल्यावर खर्च कुणाचा. सोबत १२ए, ८०जी, सीएसआर-१ चा नंबर, तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब आणि जागा दुसऱ्याची असेल तर मालकाचं संमतीपत्र. हे घेऊन ऑगस्ट-सप्टेंबरच्या आत तुमच्या सीएकडे जा. चतुर्थीच्या आठवड्यात नको, ऑफिसं बंद असतात.